अमेरिकेतली जुनी बीटल नेमकी कोणत्या सालाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाला जुनी फोक्सवॅगन बीटल घ्यावीशी वाटली, तर पहिली अडचण किमतीची नसून सालाची असते. विकणारा एक साल सांगतो, कागदावर दुसरे असते आणि गाडीकडे नीट पाहिले तर तिसरेच निघते. खालची उत्तरे १९४९ ते १९७९ या काळात अमेरिकेत आयात होऊन विकल्या गेलेल्या गाड्यांपुरती आहेत. इतर देशांतल्या गाड्यांचा उल्लेख आवश्यक तेवढाच केला आहे.

प्रश्न : सगळ्या बीटल दिसायला सारख्याच असतात. मग सालाने असा काय फरक पडतो?

सारख्या दिसतात ही कंपनीने जाणूनबुजून जपलेली गोष्ट आहे. १९४८ ते १९६८ या काळात जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गच्या कारखान्याची सूत्रे हाइनरिष नोर्डहोफ यांच्याकडे होती आणि दरवर्षी पत्र्याचा आकार बदलण्यापेक्षा आतले भाग सुधारत राहावेत, असे त्यांचे धोरण होते. अमेरिकी कंपन्या त्या काळात दर वर्षी गाडीची शेपटी लांबवत असताना बीटलमध्ये मात्र पेडल, बिजागरी, दिव्याची काच, गिअरचा दात अशा बारीकसारीक वस्तू बदलत होत्या. परिणामी दोन हात अंतरावरून १९५९ ची आणि १९६४ ची गाडी ओळखताना अनुभवी माणूसही क्षणभर थबकतो. पण सुटा भाग मागवायची वेळ आली, की एका वर्षाच्या चुकीनेही तो भाग बसत नाही. सालाची चौकशी हौसेसाठी कमी आणि खिशासाठी जास्त करावी लागते, ती यामुळे.

प्रश्न : बीटलचे साल जानेवारीपासून मोजायचे का?

नाही, आणि निम्मे घोटाळे इथेच होतात. १९५५ पासून कारखान्याने उन्हाळ्याच्या सुटीनंतर, म्हणजे १ ऑगस्टपासून, पुढच्या सालाचे मॉडेल बनवायची पद्धत ठेवली. त्यामुळे ऑगस्ट १९६६ मध्ये तयार झालेली गाडी १९६७ चे मॉडेल ठरते. त्यात भर म्हणजे जहाजाने यायला आणि विक्रेत्याच्या आवारात उभे राहायला लागलेला वेळ. काही राज्यांत मालकीच्या कागदावर बनावटीचे साल न घालता विक्रीचे साल घातले जाई, म्हणून १९६७ चे मॉडेल १९६८ मध्ये विकले गेले असेल, तर कागद १९६८ म्हणू शकतो. माझ्या स्वतःच्या गाडीचे असेच झाले. कागदावर १९६८ पाहून मी चार बोल्टची चाके मागवली आणि गाडीला पाच बोल्ट निघाले. विकणाऱ्याने फसवले असे म्हणता येत नाही, कारण कागद त्यानेही माझ्यासारखाच विश्वासाने वाचला होता. चाके परत पाठवण्याचा खर्च मात्र मला सोसावा लागला.

प्रश्न : मग खरे साल कुठे पाहायचे?

मागची सीट उचलून. बीटलच्या तळाच्या मधोमध जो उंचवटा जातो, त्यावर मागच्या सीटच्या खाली चासी नंबर ठोकलेला असतो. धूळ आणि जुना रंग ओल्या फडक्याने पुसावा. तारेच्या ब्रशने खरवडू नये, कारण आकडे फार खोल नसतात. सीट उचलण्यापूर्वी एक इशारा देतो : बॅटरी त्याच सीटखाली उजव्या बाजूला असते. बॅटरीवरचे झाकण हरवलेले असेल आणि मागे वजनदार माणूस बसला असेल, तर सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकून ठिणगी पडते. सीटमध्ये भरलेला काथ्यासारखा खरखरीत धागा सुकून कोरडा ठणठणीत झालेला असतो. तो पेट घ्यायला वेळ लावत नाही. म्हणून आधी झाकण आहे का ते पाहावे आणि मग नंबर.

ऑगस्ट १९६४ पर्यंत हे नंबर एकापुढे एक सलग चालले होते. उदाहरणार्थ, १९६२ च्या मॉडेलची मालिका ४० लाखांच्या जरा पुढे सुरू होते. अशा गाड्यांसाठी तक्ता जवळ ठेवावा लागतो. १९६५ च्या मॉडेलपासून काम सोपे झाले. पहिले दोन अंक गाडीचा प्रकार सांगतात : ११ म्हणजे साधी बीटल, १५ म्हणजे कापडी छपराची उघडी बीटल. तिसरा अंक सालाचा शेवटचा आकडा असतो. ११७ ने सुरू होणारा नंबर १९६७ च्या मॉडेलचा, एवढे सरळ.

प्रश्न : ११५ म्हणजे १९६५ की १९७५?

हा प्रश्न योग्य आहे, कारण दहा वर्षांनी तोच अंक पुन्हा येतो. यासाठी १९७० च्या मॉडेलपासून चौथ्या जागी २ हा अंक घालण्यात आला. ११५ नंतर लगेच २ येऊन एकूण दहा अंक भरत असतील, तर गाडी १९७५ ची; नऊच अंक असतील, तर १९६५ ची. साठच्या दशकातल्या काही वर्षी उत्पादन दहा लाखांपुढे गेल्यामुळे शेवटच्या काही गाड्यांच्या नंबरात एक अंक वाढला आहे, पण तिथे चौथ्या जागी १ येतो, त्यामुळे गोंधळ होत नाही. सुपर बीटल या वेगळ्या प्रकाराच्या (त्याबद्दल पुढे येईल) १९७३ पासूनच्या गाड्यांच्या नंबराची सुरुवात १३ ने होते.

प्रश्न : सीट न उचलता, नुसत्या काचेवरून अंदाज बांधता येतो का?

येतो, आणि रस्त्यावरून जाता जाता करायचा तोच खेळ आहे. मागची काच दुभंगलेली, मध्ये पत्र्याची उभी पट्टी असलेली दिसली, तर गाडी मार्च १९५३ पूर्वीची. त्यानंतर पट्टी जाऊन लंबगोल काच आली, ती जुलै १९५७ पर्यंत टिकली. १९५८ च्या मॉडेलपासून काच आयताकृती झाली आणि तिचा आकार जवळजवळ दुप्पट झाला. आरशात मागचे वाहन खऱ्या अर्थाने दिसू लागले ते तेव्हा. १९६५ मध्ये चारी बाजूंच्या काचा वाढल्या आणि पुढच्या काचेला अगदी थोडा बाक आला. १९७२ मध्ये मागची काच पुन्हा किंचित उंच झाली.

यात एक गमतीचा अपवाद आहे. ऑक्टोबर १९५२ ते मार्च १९५३ या काळातल्या गाड्यांना मागे दुभंगलेली जुनी काच, पण आत नव्या घडणीचा डॅशबोर्ड होता. जर्मन शौकीन तिला ‘त्स्विटर’, म्हणजे उभयलिंगी, असे म्हणतात. अशी गाडी अमेरिकेत कुणाच्या गोठ्यात सापडली, तर तिच्या डॅशबोर्डवर संशय घेऊ नये. तो मूळचाच असतो.

प्रश्न : पेट्रोलचा काटा नसलेली बीटल चोरांनी लुटलेली असते का?

अजिबात नाही. १९६१ च्या मॉडेलपर्यंत अमेरिकेत विकलेल्या बीटलला काटाच नव्हता. पायाजवळ एक लहानशी कळ असे. इंजिन खोकू लागले, की चालत्या गाडीत पायाच्या अंगठ्याने किंवा वाकून हाताने ती कळ फिरवायची, मग टाकीच्या तळाशी राखून ठेवलेले पेट्रोल मिळे आणि पंपापर्यंत जाता येई. पेट्रोल भरल्यावर कळ पुन्हा जागेवर आणायला विसरले, की पुढच्या वेळी राखीव साठा आधीच संपलेला असे आणि माणूस रस्त्याच्या कडेला उभा राही. १९६२ च्या मॉडेलमध्ये काटा आला. १९६८ पासून तो वेगमापकाच्या तबकडीत घातला गेला, ही आणखी एक ओळखीची खूण.

प्रश्न : कोणत्या साली कोणते इंजिन होते?

थोडक्यात सांगायचे, तर १९५३ अखेरपर्यंत ११३१ सीसी, जानेवारी १९५४ पासून ११९२ सीसी. हेच ११९२ सीसीचे इंजिन १९६१ च्या मॉडेलमध्ये जवळजवळ नव्याने घडवले गेले आणि अमेरिकी मोजणीप्रमाणे त्याची ताकद ३६ वरून ४० अश्वशक्ती झाली. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश मिळाला, तोही याच साली. त्यामुळे चढावर गाडी पूर्ण न थांबवता पहिला गिअर टाकता येऊ लागला. १९६६ ला १३०० चे इंजिन आणि ५० अश्वशक्ती, १९६७ ला १५०० आणि ५३, १९७० ला १६०० आणि ५७, १९७१ ला त्याच १६०० ची ६०. १९७२ पासून ताकद मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे आकडा एकदम ४६ वर घसरलेला दिसतो; इंजिन अशक्त झाले असा त्याचा अर्थ काढू नये. १९७५ ला कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले आणि मागच्या झाकणावर तसे अक्षरांत लिहिलेही गेले.

इंजिनचा नंबर डायनॅमोच्या खाली असतो. एफ हे अक्षर १३०० चे, एच १५०० चे, बी १९७० च्या १६०० चे, एई १९७१ चे, एजे इंजेक्शनचे. चार बोल्ट सोडले, की हे इंजिन खाली उतरते आणि दुसरे बसते, म्हणून इंजिनच्या नंबरावरून गाडीचे साल कधीही ठरवू नये. तो नंबर फक्त एवढे सांगतो, की सध्या आत कोण राहायला आहे.

प्रश्न : १९६७ च्या गाडीला एवढा भाव का?

कारण ती दोन काळांच्या उंबरठ्यावर उभी आहे. बंपर जुन्या वळणाचे, दुहेरी नळीचे. बॉनेट लांब आणि गोलसर. पण विजेची व्यवस्था ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आलेली, इंजिन १५०० चे, ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग आणि वायपरला दोन वेग. ज्याने ६ व्होल्टच्या गाडीत रात्री पावसातून प्रवास केला आहे, त्यालाच या बदलाची किंमत कळते. जुन्या गाडीत वायपर, दिवे आणि इंडिकेटर एकदम चालू केले, की प्रत्येक टिकटिकीबरोबर हेडलाइट मंद होतात.

दुसरे कारण म्हणजे या वर्षी अमेरिकेसाठी बनवलेले काही भाग आधीही नव्हते आणि नंतरही राहिले नाहीत. पुढचे हेडलाइट त्या वर्षी उभे झाले, पण बंपर जुनेच असल्यामुळे ते बसवलेल्या मडगार्डचा मेळ इतर कोणत्याही सालाशी पूर्ण बसत नाही. मागचे रिव्हर्सचे दिवे बंपरच्या आधारावर वेगळे लावलेले असतात. इंजिनचे झाकणही एकाच वर्षाचे. अपघातात ते चेपले, तर मिळवायला महिनोन्महिने लागतात, आणि जुजबी दुरुस्ती करून घेतलेल्या बऱ्याच १९६७ च्या गाड्यांवर दुसऱ्याच सालाचे झाकण दिसते. मला विचाराल, तर चालवण्यासाठी हेच साल उत्तम. मात्र भाग शोधण्याची चिकाटी नसलेल्याने या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : १९६८ मध्ये काय बदलले?

बरेच. बंपर उंच आणि चौकोनी झाले, पुढचे बॉनेट आणि मागचे झाकण त्यामुळे आखूड झाले, मागचे दिवे मोठे झाले आणि चाकांना पाचाऐवजी चार बोल्ट आले. पेट्रोल भरण्यासाठी बॉनेट उघडण्याची गरज संपली, कारण उजव्या बाजूच्या पत्र्यावर स्वतंत्र झडप आली. अमेरिकेच्या नव्या सुरक्षा नियमांमुळे धडकेत दबणारा स्टीअरिंगचा दांडा आणि उंच पाठीच्या सीटा याच वर्षी आल्या. क्लचचे पेडल नसलेली, गिअरचा दांडा हातात धरताच क्लच आपोआप सुटणारी ‘ऑटोमॅटिक स्टिकशिफ्ट’ही १९६८ चीच. तिचा वेग बेताचा आणि दुरुस्ती महाग. सवय नसलेला चालक गप्पा मारताना दांड्यावर हात ठेवतो आणि इंजिन भलतेच ओरडू लागते. पुढच्या वर्षी, १९६९ ला, मागचा आस दुहेरी सांध्यांचा झाला. जोरात वळताना मागचे चाक आत दुमडण्याची जुनी खोड त्याने गेली.

प्रश्न : साधी बीटल आणि सुपर बीटल यांत फरक कसा ओळखावा?

१९७१ ला सुपर बीटल आली. तिच्या पुढच्या चाकांना टॉर्शन बारऐवजी (पिळून स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळ्यांऐवजी) मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेले उभे खांब, आहेत, स्टेपनी आडवी झोपवली आहे आणि त्यामुळे पुढच्या डिकीत जवळजवळ दुप्पट सामान मावते. बॉनेट उघडून स्टेपनी उभी की आडवी एवढे पाहिले, तरी उत्तर मिळते. १९७३ पासून सुपर बीटलची पुढची काच ठळकपणे बाकदार झाली, मग बॉनेट उघडायचीही गरज राहिली नाही. बंद छपराची सुपर बीटल अमेरिकेत १९७५ पर्यंतच विकली गेली. उघडी गाडी मात्र शेवटपर्यंत सुपरच्याच तळावर बनत राहिली.

प्रश्न : स्टेपनीच्या हवेवर काच धुणारी यंत्रणा खरोखर होती का?

होती. १९६२ च्या मॉडेलपासून काच धुण्याचे पाणी दाबलेल्या हवेने उडवले जाई. सुरुवातीला पेट्रोल पंपावर त्या बाटलीतच हवा भरावी लागे. नंतर एक नळी थेट स्टेपनीला जोडण्यात आली. स्टेपनीतली हवा ठरावीक मर्यादेखाली जाऊ नये म्हणून मध्ये एक झडप असते. ती झडप जुनी होऊन गळू लागली, की गरजेच्या वेळी स्टेपनी बसलेली सापडते, त्यामुळे रोज चालणाऱ्या गाडीत ही नळी काढून ठेवणारेही पुष्कळ आहेत.

प्रश्न : बीटल पाण्यावर तरंगते, हे खरे की थाप?

काही वेळ तरंगते, हे खरे. तळ सपाट आणि बंद असतो, दारांचे रबर चांगले असेल तर आत हवा कोंडून राहते. फोक्सवॅगनने सत्तरच्या दशकात आपल्या जाहिरातीतही ही गोष्ट वापरली. घरबसल्या करता येण्याजोगा पुरावा असा, की सगळ्या काचा बंद असताना दार ओढले, तर आतली हवा अडते आणि ते नीट लागत नाही. काच बोटभर खाली केली, की हलकेच लागते. पन्नास वर्षांच्या गाडीचा तळ मात्र बॅटरीच्या खाली हमखास गंजलेला असतो, तेव्हा तलावाकाठी प्रयोग करू नये.

प्रश्न : गाडी खराब असल्याची जाहिरात कंपनीने स्वतःच केली होती, हे खरे का?

होय. डॉइल डेन बर्नबाक या न्यूयॉर्कच्या जाहिरात संस्थेने १९५९ पासून बीटलसाठी जी साधी, कृष्णधवल मालिका केली, तिच्यात बीटलच्या चित्राखाली ‘लेमन’ एवढाच शब्द छापलेली एक जाहिरात होती. अमेरिकी बोलीत वारंवार बिघडणाऱ्या गाडीला लिंबू म्हणतात. खालचा मजकूर वाचल्यावर कळे, की हातमोजे ठेवायच्या खणावरची क्रोमची पट्टी डागाळली म्हणून तपासनीसाने ती गाडी पाठवायला नकार दिला होता. याच मालिकेत एका गॅलनला ३२ मैल असा दावा असे. आपल्या हिशेबाने लिटरला साडेतेरा किलोमीटरच्या आसपास. तिथल्या तेव्हाच्या गाड्यांच्या मानाने हे फारच काटकसरीचे होते, आणि १९६८ या एकाच वर्षी चार लाखांहून अधिक बीटल तिथे विकल्या गेल्या त्यामागे हा आकडा निश्चित होता. १९४९ साली पूर्ण वर्षात दोन गाड्या विकल्या गेल्या होत्या.

प्रश्न : तीन नंबरच्या सिलिंडरबद्दल सगळे एवढे का बोलतात?

इंजिन हवेवर थंड होते आणि जुन्या रचनेत तेल थंड करणारी जाळी पंख्याच्या कवचातच, तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेत उभी असते. त्यामुळे त्या सिलिंडरला गरम झालेली आणि कमी हवा मिळते आणि त्याचा झडपदांडा आधी जातो. १९७१ ला ही जाळी कवचाबाहेर स्वतंत्र घरात गेली आणि त्रास बराच कमी झाला. तेल अवघे अडीच लिटर आणि गाळायला फक्त तारेची जाळी, म्हणून तेल वेळेवर बदलणे आणि टॅपेटचे अंतर तपासणे यांत आळस चालत नाही.

प्रश्न : मुंबई-पुण्यात दिसणाऱ्या जुन्या बीटलना ही माहिती लागू पडते का?

चासी नंबर आणि मागच्या काचा यांची माहिती पडते. दिवे, बंपर आणि व्होल्ट यांची पडेलच असे नाही. उजव्या स्टीअरिंगच्या गाड्या अमेरिकी नियमांसाठी बनलेल्या नव्हत्या. उदाहरणार्थ, उभे हेडलाइट अमेरिकेत १९६७ च्या मॉडेलला आले, इतरत्र ते एक वर्षाने आले. काहींचा असाही समज असतो, की चाकणच्या कारखान्यात बीटल बनत होती. तो कारखाना २००९ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर भारतात विकल्या गेलेल्या नव्या बीटल तयार स्वरूपात आयात केलेल्या होत्या. त्यांचे इंजिन पुढे असते, आणि जुन्या गाडीचा एकही भाग त्यांना लागत नाही.

प्रश्न : शेवटची बीटल कोणत्या सालाची धरायची?

कोणत्या अर्थाने विचारता, यावर ते अवलंबून आहे. अमेरिकेत बंद छपराची शेवटची बीटल १९७७ ची आणि उघडी १९७९ ची. जर्मनीतली शेवटची बंद गाडी १९ जानेवारी १९७८ रोजी एम्डेन बंदरातल्या कारखान्यातून बाहेर पडली. हा कारखाना मुळात अमेरिकेच्या मागणीसाठीच १९६४ मध्ये उभारला होता. ओस्नाब्रुकच्या कारमान कारखान्याने उघडी गाडी १० जानेवारी १९८० पर्यंत बनवली. मेक्सिकोतल्या पुएब्ला येथे उत्पादन चालूच राहिले आणि ३० जुलै २००३ रोजी २,१५,२९,४६४ व्या गाडीवर ते थांबले. त्या मेक्सिकन गाड्यांपैकी एखादी १९७० च्या जुन्या तळावर चढवून ‘१९७० ची, नव्यासारखी’ म्हणून अमेरिकेत विकायला येते. अशा वेळी पुन्हा मागची सीट उचलावी; तळ खरेच १९७० चा असतो, म्हणून त्यानंतर वरचा पत्रा, काचा आणि इंजिनाची अक्षरे यांच्याशी तो नंबर जुळतो का, ते एकेक करून पाहावे.